दुधाच्या टाकीतला अल्बम

प्रयोगशील रॉकच्या जुन्या कॅसेटी आणि तबकड्या जमवणाऱ्या लोकांत एक कॅसेट फिरते. कुठल्याशा थंड देशातल्या वादकांनी ती केली, असं सांगतात. चामड्याचं एकच वाद्य आणि त्याच्याखाली अखंड घुमणारा एक सूर, बाकी काही नाही. वादक कोण ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्तच बोललं जातं. ती कॅसेट परदेशातली नाही. केजच्या रस्त्यावरच्या आमच्या दूध संघाच्या रिकाम्या टाकीत, दुष्काळातल्या एका दुपारी ती झाली. वाजवणारा माझा शाळेतला दोस्त. घुमणारा सूर दूध थंड करायच्या कॉम्प्रेसरचा. आणि तिच्यावर परदेशी नाव टाकणारा मी. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. ते नाव इथेही लिहीत नाही. खोटं नाव आधीच पुष्कळ फिरलंय.

झालं ते सगळं त्या संगीताच्या वेडापायी. म्हणून आधी वेडच सांगतो, आणि सांगताना मला अजूनही धीर धरवत नाही.

वडील संघाचे संचालक होते म्हणून मी चिलिंग सेंटरवर कारकून म्हणून चिकटलो. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, त्याची फॅट तपासायची, टाकीत ओतून थंड करायचं, पुढे पाठवायचं. परळीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत रोज थोडं दूध जीपने जायचं आणि ते पोचवायचं काम मी मागून घेतलं होतं, केजबाहेर पडायला मिळतं म्हणून. वसाहतीत सगळीकडे राखेचा थर असायचा. खिडकीच्या पट्टीवर बोटाने नाव लिहावं असा.

एका क्वार्टरच्या खिडकीतून मी ते पहिल्यांदा ऐकलं. आधी बासरी आली, एकटी, आपल्याकडची वाटावी अशी. मग त्या बासरीवर कुणीतरी ट्रॅक्टर घालावा तशी गिटार आली. मला वाटलं, आता बासरी मेली. तर नाही, ती खालून सरकून पुन्हा वर आली आणि दोघं मिळून अशी काही पळायला लागली की मी कॅन हातात धरून तसाच उभा राहिलो. दार उघडून एक चष्मेवाले साहेब बाहेर आले. वीज केंद्रात इंजिनिअर होते.

"काय हो, दूध द्यायला आलात की गाणं ऐकायला?"

"हे गाणं हाय का?"

"आहे. आणि संपलेलं नाही. चप्पल काढा, बसा."

बसलो. साहेबांच्या घरी एक रीत होती. तबकडीची एक बाजू सुरू झाली की ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, पाणी मागायचं नाही, उठायचं नाही. दारावर पोस्टमन आला तरी त्याने थांबायचं. पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज सुरात मिसळतो. घामाने सदरा पाठीला चिकटायचा. असं बसून काही ऐकायचं असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. आमच्याकडे गाणं म्हणजे लग्नाच्या मांडवात कर्ण्यातून येणारं, किंवा भजनात आपण स्वतः म्हणायचं.

आणि काय काय ऐकलं मी त्या खोलीत! एका तबकडीची अख्खी बाजू म्हणजे एकच रचना, वादळासारखी सुरू व्हायची आणि शेवटी फक्त घड्याळाची टिकटिक उरायची. एका अल्बममध्ये वादकांनी स्वयंपाकघरातली भांडी वाजवली होती, आणि ती भांडी हळूहळू देवळातल्या घंटा होतात. एकात आपल्या दक्षिणेकडचा मृदंगवाला त्या गोऱ्या मंडळींना असा पळवतो की शेवटी त्यांची दमछाक ऐकू येते, कुणीतरी हसतं, आणि ते हसूसुद्धा तबकडीवर तसंच ठेवलंय. कव्हरं तर विचारू नका. एकावर भर समुद्रात मांडलेली जेवायच्या पाटांची रांग. एक कव्हर उघडलं की आत दुसरं, त्याच्या आत तिसरं, आणि शेवटी हाताला काळी तबकडी लागायची. मी दर वेळी नव्याने उघडून बघायचो.

ह्या सगळ्यांत मला एक अल्बम हवा होता. वाळवंटी मुलखातला एक तंतुवाद्य वाजवणारा म्हातारा आणि एक इलेक्ट्रिक गिटारवाला पोरगा. आधी दोघं भांडतात, खरं भांडतात, एकमेकांचं वाक्य तोडतात. मग मधेच म्हातारा थांबतो. पोरगा एकटा पडतो, घाबरतो, त्याचा हात चुकतो. आणि ती चूक म्हातारा उचलतो आणि तिचंच गाणं करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रीत मोडून ओरडलो होतो. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "दूधसंघ, तुम्हाला कान आहेत." ते मला दूधसंघच म्हणायचे.

तो अल्बम मला फॅट तपासताना हवा होता, जेवताना हवा होता. पण साहेब विकत देत नसत, फुकटही देत नसत. "मी न ऐकलेलं काहीतरी आणा आणि माझ्यातलं एक उचला," एवढाच त्यांचा नियम. परळीत असे आणखी दोघं होते, साहेबांचेच सहकारी, आणि त्यांची ह्या नियमावर आपसात देवाणघेवाण चालायची. मी केजहून काय आणणार? कडबा?

आता दोस्ताचं सांगतो. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि गळ्यात अडकवलेलं ते गोल कडं. तालुक्यात त्याच्यासारखा हलगीवाला नव्हता, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच सांगायचा, चहाच्या टपरीवर, पान खाता खाता, ओळख नसलेल्या माणसालासुद्धा. साहेबांकडून एक कॅसेट उसनी आणून मी त्याला ऐकवली. त्याने कान लावला, तोंड वाकडं केलं.

"ह्या ढोलवाल्याला आपल्याकडं वरातीत कुनी घेनार न्हाई बे."

"कावून?"

"नवरदेव घोड्यावरनं पडंल की! सरळ चाललंय चाललंय, अन् एकदम पाय काढून घेतो." मग म्हणाला, "पर हिंमत हाय गड्याला. पुन्हा लाव."

पुन्हा लावल्यावर तो बाकड्यावर बोटांनी त्या चालीत घुसला, आणि दोन मिनिटांत त्याने ती चाल आपल्या बाजूला ओढून नेली. मी त्याला साहेबांच्या घरची रीत सांगितली. पडदे, बंद पंखा, कुणी उठायचं नाही. तो हसेल असं वाटलं होतं. बाकड्यावरची त्याची बोटं थांबली.

"माझी हलगी लोकांनी उभ्यानं ऐकली," तो म्हणाला. "नाचत ऐकली. मढ्यामागं चालत ऐकली. माझ्या बापाची बी तशीच. बसून कुनी ऐकली न्हाई बे. एकदा कुनी बसून ऐकाय पायजे. मंग मेलो तरी चालंल."

ते वाक्य ऐकून मला दोन गोष्टी एकदम सुचल्या. एक चांगली होती.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवलेली. जनावरं छावणीत, कपिलधारचा धबधबा नुसता ओला डाग, आणि संघात दूध येईनासं झालं. दोन मोठ्या टाक्या होत्या आमच्याकडे, स्टीलच्या, आत माणूस उभा राहील एवढ्या. त्यातली एक धुऊन पुसून बंद ठेवली होती. मी एकदा झाकण उघडून आत खोकलो आणि तो खोकला टाकीभर फिरून, मोठा होऊन माझ्याकडे परत आला. साहेबांच्या तबकड्यांत जो आवाज असतो ना, लांबून येणारा आणि तरी कानाशी असणारा, तोच! मी आनंदाने जागच्या जागी उडी मारली.

दोस्ताला सांगितलं. त्याला इतकंच ठाऊक की आपण हलगी कॅसेटवर भरायची आणि परळीच्या साहेबांना ऐकवायची. मलाही तेव्हा तेवढंच करायचं होतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. ते खरं नाही. परदेशी नाव मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

दुपारी संघाचे सचिव जेवायला घरी गेले की सेंटर माझ्या ताब्यात. दोस्त मागच्या दाराने आला, हलगी पोत्यात गुंडाळून. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या पेटवून त्याने ती शेकली, टिचकी मारून पाहिली, आणि दात काढून हसला. हवेत ओल नावाला नव्हती, चामडं असं तडतडत होतं की हात लावला तरी बोलेल.

"दुष्काळाचं एवढंच बरं हाय," तो म्हणाला. "हलगी लई चढती."

मग तो टाकीत उतरला. गावात त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आणि तो चामड्याचं वाद्य घेऊन गावाच्या दुधाच्या टाकीत मांडी घालून बसला होता. आम्हाला दोघांनाही ह्याची भारी मजा वाटत होती, त्याला माझ्यापेक्षा थोडी जास्त.

"आरं, कपिलधारच्या दरीत हाक मारल्यावानी घुमतंय!" आतून आवाज आला. "सोड तुझा डबा."

मी टेपरेकॉर्डर दोरीला बांधून झाकणातून आत सोडला. शेजारच्या टाकीचा कॉम्प्रेसर चालू होता, त्याची घरघर भिंतीतून ह्या टाकीत उतरत होती. दोस्ताने आधी ती घरघर ऐकली. बराच वेळ काही वाजवलंच नाही. मग बारीक काडीने कडेला असं काही टिपायला लागला, जणू घरघरीला विचारतोय, तू कोण. मग टिपरू पडलं. ते मी कसं सांगू! एक हलगी आणि तिच्या मागे धावत येणाऱ्या तिच्याच चार सावल्या. तो सावली यायची वाट बघायचा आणि ती पोचायच्या आत नवा घाव घालायचा. त्याने वरातीचा ताल घेतला, मोडला, त्यात त्या परदेशी ढोलवाल्यासारखा मधेच पाय काढून घेतला, आणि आतून स्वतःच ओरडला, "आता पड घोड्यावरनं!" मी चेव येऊन एक रिकामा कॅन बडवला. लगेच आतून शिवी आली, "तू मधी मधी करू नको बे!"

आणि मग वीज गेली. नेहमीचीच. कॉम्प्रेसरची घरघर जड होत होत, खाली उतरत उतरत बंद पडली. टेपमध्ये सेल होते म्हणून तो चालू राहिला. दोस्त थांबला नाही. त्याने हलगीवर हात ठेवून तिचा आवाज असा दाबत नेला की ती घरघरीबरोबर खाली उतरली, आणि शेवटी त्या प्रचंड शांततेत बारीक काडीचा एकच टिपका पडत राहिला. झाकणावर ओणवा होऊन मी रडत होतो. आनंदाने. हे तरी खरं लिहू द्या.

त्याच्या शिव्या, ओरडणं आणि माझा कॅन मी घरी दुसऱ्या टेपवर उतरवताना वगळलं. मराठी ऐकू आली असती ना.

पुढच्या रविवारी सकाळी परळीला गेलो. साहेब होते, त्यांचे दोघं सहकारी होते. म्हटलं, जहाजावर असलेल्या एका नातेवाइकाने पाठवलीय, तिकडेसुद्धा मिळत नाही. पडदे ओढले गेले. पंखा बंद झाला. मी त्यांच्या तोंडांकडे बघत बसलो. पहिल्या घावाला एकाने डोळे मिटले. कॉम्प्रेसर खाली उतरायला लागला तेव्हा साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते, हात गुडघ्यांवर, श्वास धरून. टेप संपून खटका पडला तरी कुणी हललं नाही. मग साहेब एवढंच म्हणाले, "पुन्हा लावा." त्यांनी तीन वेळा ऐकली, एकही माणूस उठला नाही, आतून चहा आला तो तसाच गार झाला. तो सूर विझवायची कल्पना कुणाला सुचली असेल, ह्यावर त्यांच्यात वाद झाला. एक म्हणाला, ह्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. हलगी आहे म्हणून सांगितलं असतं, तर त्यांनी ती इतकी ऐकली असती का? ह्या प्रश्नामागे मी फार वर्षं लपलो. पण त्यांनी ऐकून झालं होतं. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. फक्त ते परदेशी राहिलं नसतं, आणि मला तो म्हातारा आणि तो पोरगा मिळाले नसते. साहेबांनी तो अल्बम दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला.

केजच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तर दोस्त समोर उभा. धुतलेला सदरा, केसाला तेल. सकाळपासून थांबला असावा.

"ऐकली का?"

अल्बम माझ्या पिशवीत होता. मी म्हणालो, "न्हाई बे. कॅसेट गुतली. थोडी ऐकली अन् म्हनले, काढा."

"बसले तरी व्हते का?"

"न्हाई. कामात व्हते."

तो म्हणाला, "जाऊ दे. त्यांना काय कळतंय." आणि मला चहा पाजला.

खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो हलगी घेऊन साहेबांच्या दारात उभा राहिला असता. मला त्याची पुरती खात्री होती. त्या दसऱ्यानंतर तो बायकोबरोबर ऊसतोडीला गेला. त्याच्या वस्तीतले पुष्कळ जात, तो तोवर गेला नव्हता, हलगीवर भागवायचा. परत आल्यावर कुणी लग्नाला बोलवायला आलं की सांगायचा, हात जड झालेत. हलगी खुंटीवर राहिली आणि चामडं उंदरांनी खाल्लं.

तो अल्बम मी नंतर शेकडो वेळा ऐकला. अपराधाने संगीत कडू होतं म्हणतात, माझं झालं नाही. म्हातारा थांबला की दर वेळी अंगावर काटा आला. माझ्याकडे आज एक भिंत भरून तबकड्या आहेत आणि नवी पोरं विचारतात, काय जमवावं. मी सांगतो, दुर्मीळ म्हणून जमवू नका. ज्यात ती जागा ऐकू येते, वादक ज्या हवेत बसले होते ती हवा, ते जमवा. असं मी मोठ्या तोऱ्यात सांगतो, आणि ज्या अल्बममध्ये ते सगळ्यांत जास्त आहे त्याचं नाव घेत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्याही जमवणाऱ्या. साहेब आता नाहीत. त्यांचा संग्रह मुलीने ह्या बाईंना दिला. साहेब शेवटपर्यंत ती कॅसेट लावायचे, देवाणघेवाणीत तिच्या प्रती द्यायचे आणि सांगायचे, केजच्या दूधसंघाने दिली, त्यावरून बाईंनी मला शोधलं. त्यांना तिची तबकडी काढायची होती, वादकांच्या नावानिशी.

"तुम्हाला वादक माहीत आहेत का हो?"

मी म्हणालो, "त्याला विचारून सांगतो."

त्या जवळजवळ ओरडल्याच. "त्याला? म्हणजे एकच माणूस आहे? आणि तो आहे?"

गेल्या रविवारी टेप घेऊन त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर, केस पांढरे, हात अजून तसेच रुंद. मी माझ्याकडची मूळ कॅसेट लावली. पहिल्या टिपक्यालाच तो उठून बसला.

"ही टाकीतली हाय! ही गुतलती ना बे?"

मग मी सांगितलं. खोटं नाव, जहाजावरचा नातेवाईक, पुण्याच्या बाई. मला वाटलं तो मला मारेल. तो हसायला लागला, असा हसला की बाज करकरली. बायकोला हाक मारली.

"अगं ये, ऐकलंस का? ह्यानं मला इंग्रज केलं! आता माझ्याशी इंग्लिशमदी बोलायचं!"

"आदी मराठीत तरी नीट बोला," ती म्हणाली, आणि चुलीकडचं काम टाकून खाली बसली. तिघं ऐकत राहिलो. वीज जाते तिथे त्याचा हात आपोआप मांडीवर दाबला गेला. संपल्यावर त्याने विचारलं, "नाव माझं घालनार ना? पुरं घाल म्हनावं, बापाचं बी."

मी हो म्हणालो. मला इतकं हलकं वाटत होतं की मी उठलोसुद्धा. तेवढ्यात त्याने पुन्हा विचारलं, अगदी साधेपणाने.

"म्हंजी त्या दिशी त्यांनी ऐकलती तर. मंग मला न्हाई कावून म्हनलास?"

मी म्हणालो, "लई वर्षं झाली बे, आता ध्यानात न्हाई." त्याने मान डोलावली आणि मला चहा पाजला.

माझ्या चांगलं ध्यानात आहे. ते बसून ऐकत होते. तीन वेळा ऐकलं, आणि एकही माणूस उठला नाही. ते मी त्याच्यापासून लपवलं, कारण माझ्या पिशवीत एक अल्बम होता आणि तो मला परत द्यायचा नव्हता. पुण्याच्या बाईंना त्याचं पूर्ण नाव मी कळवलंय. हे मात्र त्याच्यासमोर बसून त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.